पलटणीत नाव घालणाऱ्यांस काही सूचना

कोकणात महाराच्या घरी जन्म, वाट्याला वरकस, म्हणजे हलक्या प्रतीची, जमीन आणि अंगात रग, एवढं भांडवल तुमच्याकडे असेल, तर १८४० च्या सुमाराला बॉम्बे आर्मीसारखी, म्हणजे इंग्रजांच्या मुंबई इलाख्याच्या फौजेसारखी, जागा नाही. उगाच विचार करत बसू नका.

तनखा महिना ७ रुपये. हा आकडा पाठ करा आणि पोरांनाही शिकवा, कारण तुमचा मुलगा भरती होईल तेव्हाही तो सातच असेल. १८९५ साली सरकारला पाझर फुटतो आणि सातचे नऊ होतात. तोवर धान्याचा भाव जागचा हलला नाही, असं सरकारचं प्रामाणिक मत असावं. या सातातून अंगावरच्या कपड्यांचे पैसे कापले जातील. छावणीत असाल तर दाणागोटा बाजारातून तुम्हीच आणायचा. झोपडीही तुम्हीच उभी करायची. त्यासाठी किरकोळ भत्ता मिळतो. तो संपला की भिंत पुरी झाली असं समजावं.

लग्न जरूर करा, आणि बायकोला लाइनीत, म्हणजे पलटणीच्या वस्तीत, घेऊन या. बंगालचे शिपाई कुटुंब गावी ठेवतात, आपल्याकडे ते पलटणीबरोबर फिरतं. तुम्ही बंदुकीला तेल लावाल तेवढ्यात ती दळण, पाणी, पोरं आणि वाण्याची उधारी उरकेल. बेळगावला चूल जरा बरी पेटायला लागली की गुजरातेतल्या दीसाचा हुकूम येईल, तिथे तुळस रुजली की कराचीचा. तिचं नाव कुठल्याही हजेरीपटावर नाही, त्यामुळे तिला रजा मागायची कटकटही नाही. तुम्ही जहाजात बसून इराणला किंवा ॲबिसिनियाला गेलात, तर वाट बघायचं कामही तिच्याकडेच. (१८८० साली अफगाणिस्तानात मैवंदच्या लढाईला गेलेल्या बॉम्बे ग्रेनेडियर्समधल्या पुष्कळांच्या घरी ते काम कधी संपलंच नाही.)

बढतीची घाई नको. मिशा पांढऱ्या होईपर्यंत सुभेदार व्हालही. मग कालपरवा बोटीतून उतरलेल्या कोवळ्या गोऱ्या साहेबाला कडक सलाम ठोकायचा. एक गोष्ट मात्र खरीच चांगली, तिची थट्टा करवत नाही: पलटणीच्या शाळेत पोरं शिकतात, पोरीसुद्धा. गावात हे कुणाला सांगू नका. तिथे तुमचं मेडलही पाणवठ्यावर चालत नाही.

राहिला शौर्याचा प्रश्न. ते तुमच्यात आहे की नाही, हे ठरवायचा अधिकार तुमचा नव्हे. भीमा कोरेगावच्या स्तंभावर लढाईत मेलेल्यांची नावं कोरली आहेत, त्यांत ‘नाक’ लावलेली महारांची नावं २२. पण दगडावरचं वाचायला वरिष्ठांना वेळ कुठला? पुढे लढवय्या जातींची यादी निघाली, सगळी मर्दुमकी उत्तरेकडे सापडली, आणि १८९२ मध्ये महारांची भरती बंद झाली. अशा वेळी संताप करू नये, अर्ज करावा. पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये केला होता. दापोलीत पेन्शनरांची काही वाण नव्हती, त्यामुळे सह्यांचीही अडचण पडू नये.

उत्तर येईस्तोवर नातवाला कवाईत शिकवून ठेवा. १९१७ साली महायुद्धाला माणसं कमी पडली, तेव्हा महारांचं शौर्य सरकारला पुन्हा सापडलं आणि त्यांची पलटण उभी राहिली. १९२१ साली ती मोडेपर्यंत ते टिकलंही.