‘खाण’ फारसीतून आलेली नाही

‘दगडाची खाण’ या रोजच्या वापरातल्या शब्दांविषयीचा एक मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. त्यातली विधाने थोडक्यात अशी: ‘खाण’ हा फारसी ‘कान’ या शब्दाचा अपभ्रंश आहे, मुसलमानी अमलापूर्वी मराठीला या जागेसाठी शब्दच नव्हता, खाण धातूंची किंवा कोळशाची असते म्हणून दगड काढतात तिला ‘क्वारी’च म्हणावे, आणि इंग्रजीत ‘क्वारी’ म्हणजे सावज, म्हणून जिथे डोंगराची शिकार होते ती क्वारी. ही चारही विधाने चुकीची आहेत, पण सारखीच चुकीची नाहीत. पहिल्यात अर्धे सत्य दडलेले असल्यामुळे त्यालाच अधिक जागा द्यावी लागेल.

फारसीत ‘कान’ म्हणजे खाण आणि ‘कंदन’ म्हणजे खणणे, हे खरे आहे. प्रश्न एवढाच की मराठी शब्द तिथून आला का. फारसीतून आलेल्या दुकान, मैदान, सामान, जमीन या शब्दांनी आपला ‘न’ मराठीत टिकवला. ‘निशाण’सारखा अपवाद आहे, त्यामुळे केवळ ‘ण’वर निकाल देता येणार नाही, परंतु आरंभीच्या ‘क’चा ‘ख’ होण्याचे कारणही हा मजकूर देत नाही. कागद, कमान, कारखाना या शब्दांतला ‘क’ जागचा हललेला नाही, मग एकट्या ‘कान’लाच महाप्राण का फुटावा? उलट संस्कृत ‘खनि’ किंवा ‘खानि’, प्राकृत ‘खाणि’ आणि मराठी ‘खाण’ ही वाट सरळ आहे. पानीयाचे पाणी झाले, भगिनीची बहीण झाली, ‘खनति’चे ‘खणणे’ झाले, त्याच नियमाने खनीची खाण झाली. मराठीत ‘न’ उरतो तो बहुधा प्राकृतात जोडाक्षर होते तिथे: कर्ण, कण्ण, कान, पर्ण, पण्ण, पान. म्हणजे मराठीतला ‘कान’ ऐकण्याचाच, खणण्याचा नव्हे.

तरीही दोन्ही शब्द सारखे का दिसतात, तर ते भाऊबंद आहेत म्हणून. संस्कृतातला ‘खन्’ आणि प्राचीन इराणी भाषेतला ‘कन्’ हे खणणे या अर्थाचे क्रियापदांचे मूळ धातू एकाच जुन्या घराण्यातले आहेत. इ.स.पू. 500 च्या सुमारास इराणच्या पहिल्या दारयवहु (डेरियस) राजाने नाईल नदीपासून तांबड्या समुद्राकडे कालवा खणवला, त्याच्या शिलालेखात खणण्यासाठी हाच ‘कन्’ धातू आहे. या घराण्याचा खरोखर बाहेरून आलेला शब्द हवाच असेल, तर तो ‘खंदक’: मध्य फारसी ‘कंदग’ अरबीत गेला, तिथे ‘खंदक’ झाला आणि पुढे फारसीच्या वाटेने आपल्या किल्ल्यांभोवती येऊन बसला. ‘फारसी कान हीच आपल्या खाणीची लेक’ असे उत्तर देणाऱ्या उत्साही मंडळींनाही हेच सांगावे लागेल, की भावंडांपैकी कोणी कोणाचे अपत्य नसते.

दुसऱ्या विधानाला फार वेळ देण्याची गरज नाही. ऋग्वेदात अगस्त्य ‘खनमानः खनित्रैः’, म्हणजे खणण्याच्या अवजारांनी खणणारा, असा येतो. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात खन्यध्यक्ष, म्हणजे खाणींचा अध्यक्ष, नावाचा अधिकारी आहे. अमरकोश या संस्कृत शब्दकोशात ‘खनिः स्त्रियामाकरः स्यात्’, म्हणजे खनि हा स्त्रीलिंगी शब्द आणि आकर यांचा अर्थ एकच, खाण, असे स्वच्छ लिहिले आहे. आठव्या शतकात वेरूळचे कैलास लेणे कोरले गेले, हा दाखला काही जण देतात. पण दगड फोडल्याने शब्द सिद्ध होत नाही, त्यासाठी शब्दाचाच पुरावा लागतो, आणि तो वर दिला आहे.

खाण दगडाची नसते, हे विधान लिहिणाऱ्याने कोकणात एखादी चिरेखाण पाहिलेली नसावी. तिथे सड्यावरची, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावरची, माती बाजूला करून जांभ्याचा थर उघडा करतात, त्यावर यंत्राची गोल पाती आधी उभी आणि मग आडवी फिरवतात, आणि कापलेला चिरा पहारीने तळातून सोडवतात. ताजा जांभा त्या मानाने मऊ असतो, वाऱ्या-उन्हात तो कठीण होत जातो. या खड्ड्याला तिथला कोणीही खाणच म्हणतो. घाटावर काळा दगड सुरुंगाने काढतात तीही दगडखाण, आणि विदर्भात तिलाच खदान म्हणतात. 1957 च्या खाणी व खनिजे अधिनियमातही इमारतीचा दगड ‘गौण खनिज’ म्हणून मोजला आहे. गौण असला तरी तो खनिजच. शिवाय मराठीत खाणीचा अर्थ धातूपाशी कधी अडलेला नाही: अंडज, जारज, स्वेदज, उद्भिज्ज या जन्माच्या चार खाणी आहेत, आणि लावण्याचीही खाण असते.

राहिली क्वारी. इंग्रजीत या एकाच उच्चाराचे दोन निराळे शब्द आहेत. सावजाचा शब्द जुन्या फ्रेंचमधल्या ‘क्विरे’वरून आला; शिकारीनंतर हरणाच्या कातड्यावर मांडून कुत्र्यांना देत तो वाटा, असा त्याचा अर्थ, आणि त्याच्या घडणीत कातडे या अर्थाच्या ‘क्विर’चा हात आहे. दगडाच्या जागेचा शब्द लॅटिन ‘क्वाद्रुम’, म्हणजे चौकोन, यावरून आला आहे: जिथे दगड चौकोनी घडवतात ती जागा. आपण त्या जागेला खणण्यावरून नाव दिले, त्यांनी घडवण्यावरून दिले. खाणीतून निघालेल्या चौकोनी दगडाला मात्र आपण चिरण्यावरून ‘चिरा’ म्हणतो.