"महापौर शोभेचाच बरा" हे नाही पटत भाऊ

आठवडाभरापासून प्रत्येक ग्रुपवर एकच मेसेज फिरू राहिला, की मोठ्या शहराला थेट निवडलेला ताकदवान महापौर नकोच, आयुक्त शिकलेला अन् राजकारणाबाहेरचा असतो, महापौराच्या हातात तिजोरी दिली की शहर विकून खाईल. आपली जळगाव-धुळ्याची लोकंही फॉरवर्ड करताहेत म्हणून लिहितोय.

पहिलं, आयुक्त राजकारणाबाहेरचा. त्याला पाठवतं कोण? राज्य सरकार. उचलतं कोण? तेच. नाशिकला तुकाराम मुंढे फेब्रुवारी २०१८ मध्ये आले आणि नोव्हेंबरात बदली. म्हणजे कडक अधिकारी मिळाला तरी तो किती दिवस राहणार हे गाव ठरवत नाही. आणि नुसता आयुक्त असला की काय होतं ते आपण बघितलंय की! जळगाव मनपाची मुदत सप्टेंबर २०२३ ला संपली, धुळ्याची डिसेंबरात, मग दोन वर्षांहून जास्त आयुक्तच प्रशासक, ना महापौर ना महासभा ना स्थायी समिती. मेसेजवाल्यांना पाहिजे ती व्यवस्था हीच. मग पिंप्राळ्यातल्या माणसानं गटारीसाठी कोणाला जाब विचारायचा होता, निवेदन द्यायचं अन् पोचपावती जपून ठेवायची, एवढंच ना?

दुसरं, "नगरसेवकांनी महापौर निवडला की समतोल राहतो". जळगावकराला हे सांगू नका. २०१८ ला ७५ पैकी ५७ जागा भाजपच्या आल्या, आणि मार्च २०२१ ला महापौर झाला शिवसेनेचा, ४५ विरुद्ध ३० मतांनी. कोणता पक्ष चांगला हा माझा मुद्दाच नाही, पण मधे मतदाराला विचारलं कोणी? थेट निवडलेला महापौर असा फोडाफोडीत बदलता येत नाही.

तिसरं पैसे खाण्याचं. ही भीती खरी आहे, मी नाही म्हणत नाही. जळगावच्या घरकुल प्रकरणात, म्हणजे गरिबांच्या घरांच्या योजनेतल्या घोटाळ्यात, धुळ्याच्या विशेष कोर्टानं २०१९ ला ४८ जणांना दोषी ठरवलं, अपिलं पुढं हायकोर्टात गेली. पण ते प्रकरण १९९० च्या दशकातल्या नगरपालिकेचं, तेव्हा नगराध्यक्ष थेट निवडला जात नव्हता, नगरसेवकच निवडायचे. म्हणजे थेट निवडणूक नसली की तिजोरी सुरक्षित, हे आपल्याच गावात खोटं ठरलंय.

नगरपालिकांमधला थेट निवडलेल्या नगराध्यक्षाचा प्रयोग फसला म्हणतात, तर २००१ ला आणला, २००६ ला काढला, २०१६ ला आणला, २०२० ला काढला, २०२२ ला परत. नीट चालू कधी दिला? अध्यक्ष एका पक्षाचा अन् सभागृह दुसऱ्याचं झालं की भांडणं होतात, हे मात्र मान्य.

आणि माझं खरं म्हणणं हे आहे की नुसती थेट निवड करून भागणार नाही. आपल्या मनपा कायद्याच्या कलम ६७ नं सगळी कार्यकारी सत्ता आयुक्ताकडं आहे, ती तशीच ठेवून लाखो मतांनी महापौर आणला तरी तो फीतच कापेल. मुंबईत १९९८ ला मेयर-इन-कौन्सिल, म्हणजे कारभार महापौर अन् त्याच्या मंडळाकडं देणारी पद्धत, आणली, वर्षभरात गुंडाळली. कोलकात्यात १९८० च्या कायद्यापासून ती आहे, तिथं महापौर आणि त्याचं मंडळ कारभार चालवतं, नगरसेवकच निवडतात पण सही त्याची चालते. मला दोन्ही पाहिजे, मत माझं आणि सही त्याची.