गाड्यांना चार मजले, वाचनालयाला कोपरा

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या पुनर्विकासाचा सुधारित नकाशा गेल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर आला. इथे बर्लिनमध्ये रात्रीची भांडी घासत होते, हात पुसून पीडीएफ उघडली. तेवीस मजले. त्यातले खालचे चार पार्किंगचे. पाचव्यावर पोडियम, म्हणजे पार्किंगच्या डोक्यावरची सामायिक गच्ची, आणि त्याच्या एका कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात ‘सोसायटी ऑफिस / वाचनालय’. ग्रुपवर त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. सगळा वाद साडेचारशे चौरस फुटांत बाल्कनी धरली आहे की नाही, यावर. मी वाचनालयाचं विचारलं, तर लगेच उत्तर आलं, “ताई, युरोपात बसून बोलणं सोपं आहे. इथे संडासाच्या रांगेत उभ्या राहिला असतात, तर कळलं असतं.”

त्या रांगेत मी वीस वर्षं उभी राहिले आहे. मजल्यावर चौदा बिऱ्हाडं, संडास चार, आणि दहावीच्या परीक्षेच्या सकाळीही बादली घेऊन नंबर. चाळ म्हटलं की ज्यांना फक्त गणपती आणि फराळाची ताटं आठवतात, त्यांनी जुलैतलं गळकं छत आणि टेकू दिलेला जिनाही आठवून पाहावा. चाळ पाडू नका, असं मी म्हणतच नाही. पाडताना जे मोजलं जात नाही, त्याबद्दल माझं भांडण आहे.

मुंबईतल्या खासगी पुनर्विकासाचा हिशेब साधा आहे. सरकार तिजोरीतून काही देत नाही, वाढीव चटई क्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची परवानगी, देतं. विकासक वरचे मजले विकतो आणि त्या पैशात जुन्या भाडेकरूंची घरं बांधतो. त्यामुळे नकाशातल्या प्रत्येक फुटाला एकच प्रश्न विचारला जातो, तू विकला जाशील का? घर विकलं जातं, पार्किंग विकलं जातं. तळमजल्यावरची व्यायामशाळा, लाकडी कपाटांतलं वाचनालय, दुपारची बालवाडी, पिठाची गिरण आणि जिन्याखालचा इस्त्रीवाला विकला जात नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या नियमांत बालवाडी आणि कल्याण केंद्राची खोली बांधणं सक्तीचं आहे, खोल्या बांधल्याही जातात. पण बालवाडीच्या बाईंचा पगार कोणी द्यायचा, हे काही नियम सांगत नाही. मग दाराला कुलूप लागतं आणि दोन वर्षांनी आत मंडपाचे बांबू सापडतात.

याचा अर्थ हे मॉडेल फसलं आहे, असा नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी चाव्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या चाळीतली 160 चौरस फुटांची खोली जाऊन 500 चौरस फुटांचं, स्वतःच्या मालकीचं घर. तो प्रकल्प म्हाडाचा आहे, खासगी विकासकाचा नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. माझ्या खालच्या मजल्यावर एक तुर्की आजी राहतात. आईलाही असंच फुकट घर मिळणार आहे, असं मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी तीनदा विचारलं, “भाड्याने ना?” मालकीचं, म्हटल्यावर त्या हसायलाच लागल्या. पन्नास वर्षं त्या भाडं भरत आहेत.

या आजी आमच्या बर्लिनच्या क्रॉइझबर्ग भागात आल्या तो काळ पाहिला की गिरगावची आठवण होते. साठच्या दशकात बर्लिनच्या नियोजनकारांनी इथल्या जुन्या इमारती पाडून ओरानिएनप्लाट्झ या चौकावरून मोटररस्ता न्यायचं ठरवलं होतं. पाडायचंच आहे, तर दुरुस्ती कशाला, म्हणून मालकांनी घरं सडू दिली, आणि तोवर चार पैसे मिळावेत म्हणून तुर्कस्तानातून आलेल्या कामगारांना तात्पुरती भाड्याने दिली. आपल्याकडच्या संक्रमण शिबिरासारखंच हे ‘तात्पुरतं’ वर्षानुवर्षं चाललं. मग लोकांनी रिकामी घरं बळकावली, मोर्चे काढले, मोटररस्ता बारगळला. हार्ट-वाल्टहेर हेमर या वास्तुविशारदाने पाडून बांधण्याऐवजी जपून सुधारण्याची बारा तत्त्वं मांडली आणि 1983 साली शहराच्या प्रतिनिधिगृहाने ती स्वीकारली. पहिलंच तत्त्व असं की नूतनीकरण तिथे राहणाऱ्यांसोबत ठरवायचं. सार्वजनिक सोयींची दुरुस्ती आणि भर हेही त्या बारांमध्येच होतं. घर आणि सोय एकाच कागदावर होती.

त्या काळातली एक इमारत मला रोज कामावर जाताना दिसते. ड्रेस्डनर स्ट्रासेवर एक बहुमजली पार्किंग होतं. ऐंशीच्या दशकात त्याचं पाळणाघर केलं. गाड्यांच्या मजल्यांवर आता मुलं खेळतात. आमचा नकाशा पाहिल्यावर मला पहिल्यांदा तेच आठवलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. आमच्या चाळीत गाडी दोघांकडे होती, त्यातली एक टॅक्सी.

आता इथली दुसरी बाजू. घरं वाचली, पण माणसं वाचलीच असं नाही. सुधारलेल्या क्रॉइझबर्गला भाव आला आणि तो भाव भाड्यात उतरला. मालकाने घराचं आधुनिकीकरण केलं की त्या खर्चाच्या 8 टक्के दर वर्षीच्या भाड्यात कायमचे मिळवता येतात. 2019 पूर्वी 11 टक्के होते. वर एक कमाल मर्यादा आहे, पण पेन्शनवर जगणाऱ्याला ती मर्यादासुद्धा जड. म्हणून काही वस्त्यांत ‘मिलियोशुट्झ’ नावाचं संरक्षण लावतात. तिथे मालकाला घरात दुसरं न्हाणीघर काढायचं तरी परवानगी लागते, आणि ती सहसा मिळत नाही. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, “आम्हाला पहिलंच मिळेना, आणि तुमच्याकडे दुसऱ्यावर बंदी!”

शिवाय इथे नवीन आलेल्याला घर मिळणं हा स्वतंत्र तमाशा. एक फ्लॅट बघायला गेले होते, तर रांग जिन्यावरून उतरून रस्त्यापर्यंत आलेली. फाइलमध्ये तीन महिन्यांच्या पगारपावत्या, बँकेची पत, जुन्या मालकाचं पत्र. पाळणाघराला ऑगस्ट 2018 पासून बर्लिनमध्ये फी नाही, जेवणाचे महिन्याला 23 युरो भरले की झालं. मात्र जागा मिळवायला मी अठरा पाळणाघरांना ईमेल पाठवले, त्यातल्या चौघांनी उत्तर दिलं.

तरी एका गोष्टीत मी बर्लिनच्या बाजूने आहे. आमच्या रस्त्यावर एक ‘नाखबारशाफ्ट्सहाउस’ आहे, म्हणजे शब्दशः शेजारघर. सरकारी पैशावर चालतं. मंगळवारी तिथे कायद्याचा मोफत सल्ला, बुधवारी म्हाताऱ्यांचा नाश्ता, एका खोलीत मुलांचा गृहपाठ. खालच्या तुर्की आजी तिथे बाजूच्या बायकांना सरकारी फॉर्म भरून देतात. हे सगळं आमच्या चाळीत फुकट होतं, फक्त त्याला नाव नव्हतं. फॉर्म भरून देणारे निवृत्त मास्तर होते, गॅलरीत बसणाऱ्या बायका होत्या, त्यामुळे कोणाचं मूल कोणाकडे जेवलं, याचा हिशेब नव्हता. इमारत पाडल्यावर ती व्यवस्था आपोआप नव्या टॉवरमध्ये चढत नाही. तिला खोली लागते, पगारी माणूस लागतो. अर्थात तिजोरीवर चालणारी सोय तिजोरी आटली की आटते, हेही इथे दिसलंच. 2025 च्या अर्थसंकल्पात बर्लिनने सुमारे 3 अब्ज युरोची कात्री लावली, तेव्हा शेजारघरांतही धास्ती होती.

चाळ रिकामी केल्याला आता पाच वर्षं झाली. आई दहिसरला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आहे. पहिल्या महिन्यात ती सवयीने दार उघडं ठेवून भाजी निवडायला बसायची. चौथ्या दिवशी वॉचमन वर आला, “आजी, दार लावा, कंप्लेंट आली आहे.” त्यानंतर तिने दार लावलं ते लावलंच. विकासकाकडून येणारं भाडं चौदा महिन्यांपासून थकलं आहे, ते दादा भरतो.

चौरस फुटांसोबत चालू राहणाऱ्या सोयीही करारात लिहून घ्याव्यात, असं मी ग्रुपवर पुन्हा लिहिलं. पोडियमवरची खोली पाच पट करा, पार्किंगचा एक मजला कमी करा, आणि कॉर्पसमधला, म्हणजे विकासक सोसायटीला देतो त्या निधीतला, ठरावीक हिस्सा बालवाडी-वाचनालय चालवण्यासाठी वेगळा ठेवा. यावर दोन अंगठे आले आणि एक ‘बघू’.

रविवारी सभा आहे. दादा आईला गाडीने नेणार आहे. विचारायचे प्रश्न तिने मला फोनवरून लिहून घ्यायला सांगितले. मी पहिला लिहिला पार्किंगच्या चार मजल्यांचा, दुसरा वाचनालयाचा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “ते तीन नंबरला टाक. आधी थकलेलं भाडं, मग ताबा कधी ते.”