शांत, केशरी आणि दिसणारा

साप पाळायचा की नाही, यावर आमच्या घरात दोन वर्षं चर्चा झाली. कुठल्या रंगाचा पाळायचा, यावर सहा महिने. आता तो घरी येऊन वर्ष होत आलंय आणि चर्चेला विषय एकच उरलाय : तो आहे कुठे?

परवानगी देताना बायकोनं दोन अटी घातल्या होत्या. दिसायला देखणा हवा आणि स्वभावानं गरीब हवा. माझ्या वेळी तिनं यातल्या एकीवर भागवलं असणार. कुठल्या, ते मी विचारलं नाही.

मिल्कस्नेकवर मात्र एकमत झालं. बिनविषारी, आटोपशीर आणि रंग असे की साप नसून कुणीतरी हौसेनं विणलेली नाडी वाटावी. अडचण फक्त नावाची. नाव सांगितलं की समोरचा विचारणारच, "दिवसाला दूध किती लागतं?" हा साप दूध पीत नाही. उत्तर अमेरिकेतल्या गोठ्यांमध्ये तो सापडायचा, म्हणून रात्री येऊन गाईला पितो अशी बोलवा उठली. तो यायचा उंदरांसाठी. ओढून प्यायला ओठ नाहीत, तोंडात मागे वळलेले सुईसारखे दात. असलं तोंड सडाला लागल्यावर गाय उभी राहील का? पण फुकट उंदीर मारून देणाऱ्याच्या नशिबी दूधचोरीचा आळ आला तो आलाच, आणि नावातही चिकटला. शास्त्रीय नाव लॅम्प्रोपेल्टिस, म्हणजे चकचकीत ढाल. ते सांगून पाहिलं. "बरं, पण दूध?" असा प्रश्न आला.

मग रंग. भिंतींना रंग देताना मी पांढऱ्याच्या अकरा छटांमध्ये तीन आठवडे अडकलो होतो, त्यावरून काय ते ओळखा. मिल्कस्नेकचे प्रकार अनेक. प्वेब्लन बघावा तर त्याचे पांढरे पट्टे रुंद, ठसठशीत. सिनालोअन बघावा तर अंगभर लालच लाल. नेल्सनमध्ये अल्बिनो मिळतो : काळा रंग वजा, उरलेला लाल-पांढरा, वर गुलाबी डोळे. होंडुरनमध्ये तर रंगांना टँजरीन, हायपो, घोस्ट अशी नावं की यादी सापांची आहे की सरबतांची, असा प्रश्न पडावा. त्यात 2014 मध्ये संशोधकांनी एका जातीच्या सात जाती केल्या. ज्याचा निर्णय आधीच होत नाही, त्याच्यापुढे आणखी सहा ताटं वाढली.

एका पिल्लाच्या फोटोवर मात्र माझा जीव जडला. लाल, काळे, फिके पट्टे, नुकती इस्त्री केल्यासारखे. मी बायकोला दाखवलं, मुलाला दाखवलं, फोनच्या पडद्यावर लावलं. चार दिवसांनी खालचा मजकूर वाचला. तो निघाला ब्लॅक मिल्कस्नेक, कोस्टारिका-पनामाच्या डोंगरांतला. जन्मतो पट्ट्यापट्ट्यांचा आणि मोठा होता होता सगळा काळाकुट्ट होतो. "म्हणजे तुझ्या केसांचं उलटं," बायको म्हणाली.

हे पट्टेही मुळात उसने आहेत. विषारी कोरल सापासारखं दिसायचं, म्हणजे कुणी वाटेला जात नाही. वाघाचं कातडं पांघरलेल्या गाढवाचं हे यशस्वी उदाहरण. दोघांतला फरक कळावा म्हणून अमेरिकेत एक यमक पाठ करतात : लालाला पिवळा टेकला तर पळा, लालाला काळा टेकला तर मित्र. मुलानं ते तोंडपाठ केलं. पुढे कळलं की हे तिथल्याच सापांना लागू आहे. दक्षिणेकडच्या कोरल सापांनी ते यमक वाचलेलं नाही.

शेवटी टँजरीन होंडुरन ठरला. केशरी. आता स्वभाव.

ब्रीडरकडे, म्हणजे सापांची पैदास करणाऱ्याकडे, प्लॅस्टिकच्या डब्यांत पेन्सिलीएवढी पिल्लं होती. पहिल्याचं झाकण उघडताच त्यानं शेपूट डब्यावर अशी थरथरवली की वाटावं, फोन व्हायब्रेटवर आहे. दुसरं हातावर घेतलं तर ते पिळवटत, उसळत, स्प्रिंगसारखं निसटलं. तिसऱ्यानं तळहातावर एक पांढरट, घाणेरडा ऐवज सोडला. त्याचा वास साबणाला तीन वेळा पुरून उरला. चौथं चावलं, वेल्क्रो चिकटून सुटावं तेवढंच, पण मी ओरडलो ते विषारी चावल्यासारखा. "लहान आहेत, घाबरतात. मोठी झाली की निवळतात," ब्रीडर म्हणाला. हे वाक्य मी माझ्या मुलाबद्दलही बऱ्याच शिक्षकांकडून ऐकलंय.

पाचवं मात्र हातात निवांत पडून राहिलं. ना शेपूट, ना ऐवज. केशरी रंग, काळेभोर मण्यांसारखे डोळे, एकदाच जीभ बाहेर काढून आत घेतली. मी भारावलो. "हाच!"

मुलाला दोन हवे होते, सोबत म्हणून. पण हे साप दुसरे सापही खातात, त्यामुळे सोबत फार दिवस टिकत नाही.

घरी आणून पेटीत ठेवला, एका बाजूला हीट मॅट, थर्मोस्टॅट तिसाच्या आसपास. तासाभरानं कौतुकानं हात घातला आणि त्याचा खरा स्वभाव माझ्या अंगठ्याला लटकला. तो शांत नव्हता. गारठलेला होता. त्याचा डबा खोलीच्या थंड कोपऱ्यात होता, आणि सापाचं रक्त तापलं नाही की त्याचा राग तरी कसा तापणार?

आता तो तेवढा आडदांड राहिला नाही. निवळला म्हणे. म्हणे अशासाठी, की तो दिसतच नाही. मिल्कस्नेक दिवसभर दडून राहणारा प्राणी. सहा महिने खपून निवडलेला केशरी रंग लाकडाच्या भुशाखाली आहे आणि वर दिसते पाण्याची वाटी. पाहुणे काचेला नाक लावून विचारतात, "कुठाय?" मी फोनवर फोटो दाखवतो. एकदा तो सुटलाच अशी खात्री होऊन आम्ही तीन तास सोफे उलटे केले, कपाटं ओढली, साप साप म्हणून खरोखरच भुई धोपटली. तो पेटीतच होता. भुशाखाली.

परवा रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो. फोनच्या उजेडात पाहतो तर स्वारी पूर्ण बाहेर, काचेवर उभी, अंगभर पिकल्या संत्र्याचा रंग, प्रत्येक खवल्यावर लकाकी. मी श्वास रोखून बघत राहिलो. मग पळत जाऊन बायकोला उठवलं. ती डोळे चोळत आली, वाकली, बराच वेळ बघत राहिली. भुशातून शेपटीचं टोक तेवढं बाहेर होतं, आणि ते संपत होतं काळ्या पट्ट्यावर.

"काळाच घेतलास ना शेवटी?" ती म्हणाली, आणि जाऊन झोपली.