तोळा, मासा आणि हरणाची गोळी

शिकारीच्या रायफलीसाठी मिळणाऱ्या १८० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळ्या तोलायचे इंग्रजी माप) गोळीचे वजन बरोबर एक तोळा भरते, हे मला मी राहतो त्या अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या कोणा शिकाऱ्याने सांगितलेले नाही. ते सांगितले माझ्या थोरल्या भावाने, ज्याने झवेरी बाजारातल्या एका पेढीवर तीस वर्षे तराजू सांभाळला. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनला बांधून दिला आणि पुढे चांदीचा रुपयाही तेवढ्याच वजनाचा पाडला. बारा माशांचा तोळा आणि आठ गुंजांचा मासा हे कोष्टक दादाला अजून तोंडपाठ आहे. गेल्या डिसेंबरात बोरिवलीच्या घरी मी त्याला गोळ्यांची वजने सांगत होतो आणि तो ती माशांत उतरवत होता, तेवढ्यात वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "भावजी, तुम्ही तिकडे हौसेने हरणे मारता, आणि माझ्या भावाला डोळ्यांदेखत तूर गेली तरी हात उचलता येत नाही," त्या म्हणाल्या. त्यांचे माहेर यवतमाळकडचे. भाऊ हंगामात रात्र रात्र जागलीला असतो, आणि तरी सकाळी रोह्यांनी, म्हणजे नीलगायींनी, आणि डुकरांनी निम्मे वावर झोपवलेले असते.

त्यांचा राग मला समजतो. पण 'हौसेने' या शब्दाला माझी हरकत आहे, आणि ती नीट मांडायची तर तिकडच्या एका न संपणाऱ्या वादापासून सुरुवात करावी लागेल. हरणासाठी कोणते कॅलिबर, म्हणजे किती व्यासाची रायफल आणि तिचे कोणते काडतूस, हा तो वाद. नोव्हेंबर जवळ आला की आमच्या गावातल्या न्हाव्याच्या दुकानापासून पेट्रोलपंपापर्यंत तो सुरू असतो. १९०६ सालचे .३०-०६ हे काडतूस ज्यांच्या आजोबांनी वापरले ते दुसऱ्या कशाला हात लावत नाहीत, १९५२ चे .३०८ हे तेच काम आखूड काडतुसात करते असे काहींचे म्हणणे; १९२५ च्या .२७० चे भक्त निराळे. आणि २००७ साली आलेले ६.५ क्रीडमोर हे तरुणांचे फॅड आहे की खरी सुधारणा, यावर मी दोन सख्ख्या भावांना आठवडाभर अबोला धरलेले पाहिले आहे. खरे सांगायचे तर व्हाइटटेल हरीण आपल्या चितळाएवढेच असते आणि शंभर-दीडशे यार्डांवर यांपैकी कोणत्याही काडतुसाने ते जागेवर किंवा थोड्या अंतरात पडते. वाद निम्मा अभिमानाचा आहे. उरलेला निम्मा मात्र फार मोलाचा आहे, आणि तो मला दोनदा तोंडावर आपटल्यावर कळला.

पहिल्यांदा, मी .३०-०६ घेतली तेव्हा. 'मोठी घ्या म्हणजे चूक झाली तरी निभावते' हा सल्ला मला पटला होता. गावातले एक वयस्क शेतकरी, ज्यांच्या रानात मी अजूनही बसतो, ते मला नेमबाजीच्या पट्टीवर घेऊन गेले. शंभर यार्डांवर माझ्या गोळ्या कागदभर पसरत होत्या. मग त्यांनी माझ्याकडून रायफल घेतली, माझ्याकडे पाठ करून काडतूस भरले आणि परत दिली. मी चाप ओढला. आवाज झालाच नाही, नुसती 'टक', आणि मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की नळीचे तोंड चांगले दोन बोटे खाली गेले होते. त्यांनी निकामी, दारू नसलेले काडतूस भरले होते. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या भीतीने मी धक्का बसायच्या आधीच दचकत होतो आणि नेम तिथेच सुटत होता. पुढच्या आठवड्यात मी .२४३ घेतली. तिचा व्यास ६ मिलिमीटरहून जरासा जास्त आणि गोळी १०० ग्रेनची, म्हणजे दादाच्या हिशेबाने पावणेसात मासेही नव्हे; धक्का .३०-०६ च्या साधारण निम्मा. त्या वर्षी एका गोळीत एक मादी मिळाली, आणि ती चाळीस पावलांच्या पुढे गेली नाही. हरणाच्या छातीत फुप्फुसांची जागा जेवणाच्या ताटलीएवढी असते. त्या ताटलीत गोळी ठेवता येईल अशी रायफल तुमची, बाकीची दुकानदाराची.

दुसरा प्रसंग सांगायला मला आजही जड जाते. २०२० च्या हंगामात अमेरिकेत काडतुसांचा दुष्काळ पडला होता. शेल्फच्या शेल्फ रिकामे. माझी १०० ग्रेनची काडतुसे कुठेच मिळेनात, तेव्हा मी त्याच .२४३ ची ५८ ग्रेनची घेतली, जी ग्राउंडहॉगसारख्या लहान प्राण्यांसाठी बनवलेली असतात. कॅलिबर तेच, वेग उलट जास्त, मग काय बिघडते, असा माझा हिशेब. बिघडले ते असे, की पातळ कवचाची ती गोळी नराच्या खांद्याच्या हाडावर आदळून तिथेच फुटली आणि आत गेलीच नाही. तीन पायांवर पळालेल्या त्या नराचा माग आम्ही अंधार पडेपर्यंत काढला, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काढला, आणि ओढ्यापाशी रक्त संपले. रायफल योग्य होती, नेमही चुकला नव्हता. चूक मी पेटीवरचा आकडा वाचूनही न वाचल्यासारखे केले ही होती.

म्हणून आता कोणी मला कॅलिबर विचारले की मी गोळीबद्दल बोलतो. गोळी प्राण्याच्या शरीरात गेल्यावर पसरली पाहिजे, पण विखुरता कामा नये. आरपार जाण्याइतके वजन टिकले पाहिजे. पूर्ण कवचाची, न पसरणारी लष्करी गोळी पेनसिल्व्हेनियात हरणाला चालत नाही, कारण ती सुईसारखी निघून जाते आणि प्राणी तासन्‌तास मरत राहतो. यातली विसंगती आपल्या देशाशी जोडलेली आहे: कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात बनलेल्या पसरणाऱ्या गोळ्यांवरून १८९९ साली हेगला युद्धात तशा गोळ्यांवर बंदी आली, आणि जे माणसावर क्रौर्य ठरले तेच हरणावर दया म्हणून सक्तीचे झाले. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर बारीक जाती सोडल्यास .२४० इंचांपेक्षा लहान व्यासाची किंवा १,७०० फूट-पौंडांपेक्षा कमी ऊर्जेची रायफल हरणावर वापरणे हाच गुन्हा आहे.

आता मुंबईत आलो की मी कोणता वाद ऐकतो? 'मारावे की मारू नये' एवढाच. २०१६ च्या जूनमध्ये बिहारच्या मोकामा भागात नेमबाज आणून दोनशेहून अधिक रोही मारले गेले, तेव्हा केंद्रातले दोन मंत्री जाहीरपणे भांडले. २०१८ च्या नोव्हेंबरात यवतमाळची अवनी वाघीण मारली गेली, तेव्हा मुंबईत निदर्शने झाली. दोन्ही वेळा मी मित्रांशी तावातावाने बोललो. रोही कोणत्या गोळीने, किती अंतरावरून मारले, किती जखमी होऊन पळाले, त्यांचा माग कोणी काढला, हे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही; मीही विचारले नव्हते.

१९७२ चा वन्यजीव कायदा आणि १९९१ ची दुरुस्ती यांनी आपल्याकडची शिकार संपवली, ते योग्यच झाले. राष्ट्रीय उद्यानाच्या कुंपणाला लागून वाढलेल्या मला चितळ जाळीच्या पलीकडे चरताना पाहण्यातच आनंद आहे, आणि हौशी शिकार महाराष्ट्रात परत यावी असे मी कधीही म्हणणार नाही. पण त्याच कायद्यात उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांनी लेखी परवानगी देण्याची सोय आहे. अशी परवानगी समजा वहिनींच्या भावाला मिळाली, तर त्याच्या हातात काय येणार? फार तर कोणाची तरी जुनी बारा बोअरची बंदूक आणि त्यात पाखरांचे छर्रे. दोनशे किलोंच्या आसपास भरणाऱ्या नर रोह्यावर छर्रे झाडणे म्हणजे त्याला पुढच्या शिवारात कुजत मरायला पाठवणे. .३०३ आणि ७.६२ लष्करी बोअरची म्हणून सामान्य नागरिकाला बंद. उरतात ती सरकारी कारखान्यांची .३१५ किंवा .३०-०६, आणि तिचा परवाना मिळेपर्यंत तीन हंगाम निघून जातील. मग काही जण कुंपणात वीज सोडतात. ती तार रोही आणि वाघ यांत फरक करत नाही, आणि पहाटे वावरात गेलेल्या माणसातही करत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की जिथे सरकार मारण्याची परवानगी देते, तिथे परवानगीच्या त्याच कागदावर हत्यार, गोळीचा प्रकार, किमान वजन आणि कमाल अंतर लिहिलेले असावे, आणि चाप ओढणाऱ्याने आधी कागदावर पाच गोळ्या ताटलीत ठेवून दाखवाव्यात. जखमी जनावराचा माग काढणे त्याच्यावर बंधनकारक असावे. 'हे म्हणजे शिकारीला मागच्या दाराने मान्यता' असे माझा एक मित्र म्हणतो. मला उलट वाटते: अटी इतक्या काटेकोर असल्या, की हौशी माणूस आपोआप गळतो.

तिकडेही सगळे शहाणे आहेत असे नाही. शिशाच्या गोळीचे बारीक कण मांसात दूरवर पसरतात आणि उघड्यावर टाकलेल्या आतड्यांतून ते गिधाडांच्या पोटात जातात, हे एक्स-रेमध्ये दिसत असूनही माझ्या गावातले बहुतेक जण शिसेच वापरतात. कॅलिफोर्नियाने काँडोर ही तिकडची गिधाडे वाचवण्यासाठी १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसे पूर्ण बंद केले. मेलेल्या जनावरातले विष गिधाडांपर्यंत कसे पोहोचते, हे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधाने आपली गिधाडे संपवताना आपण पाहिले आहे. त्यामुळे हा मुद्दा पेनसिल्व्हेनियातल्या शेजाऱ्यापेक्षा बोरिवलीतल्या वहिनींना लवकर पटला. मी दोन वर्षांपासून तांब्याची गोळी वापरतो. ती शिशापेक्षा हलकी असल्याने ८५ ग्रेनची घ्यावी लागते आणि वीस काडतुसांना पन्नास-साठ डॉलर मोजावे लागतात.

दादाला ती गोळी प्रत्यक्ष तोलून पाहायची होती. तेवढे मात्र शक्य नाही. विसरून राहिलेल्या एकाच काडतुसापायी आपल्या विमानतळांवर लोकांना पोलीस चौकीची वारी घडली आहे, आणि निघण्यापूर्वी मी शिकारीच्या जाकिटाचे सगळे खिसे दोनदा उलटे करतो, मग ते जाकीट घरीच ठेवून येतो. त्याने बोटांवर हिशेब केला. "पाच मासे, पाच गुंजा," तो म्हणाला. मग जरा थांबून त्याने विचारले, "आणि तो तीन पायांचा? तो सापडला नाहीच का रे?"