टिकटिक आली की टॅपेटच? जरा थांबा

जुन्या गाड्यांबद्दल एक संदेश सध्या जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: ‘इंजिनातून टिकटिक येते ती टॅपेटचीच. टॅपेट घट्ट करून घ्या. पुढच्या वेळी जरा जाड ऑईल भरा. इंजिन तापल्यावर आवाज जात असेल तर विषय संपला. आणि ऑईलचा दिवा लागत नाही तोवर प्रेशरची चिंता नको.’ पाचही वाक्यांत थोडंथोडं तथ्य आहे, आणि घोळ तिथेच होतो. टॅपेट म्हणजे इंजिनात हवा आत घेणारे आणि जळका गॅस बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह ढकलून उघडणारा भाग. आता एकेक बघू.

‘टॅपेटचीच.’ बऱ्याचदा असते, पण ‘च’ कशाच्या जोरावर लावला? पेट्रोल इंजिनातले इंजेक्टर हे विजेवर उघडझाप करणारे छोटे व्हॉल्व्ह असतात आणि ते निरोगी असतानाही टिकटिकतात. जळका गॅस बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून गॅस निसटला तर थेट टॅपेटसारखाच आवाज येतो. स्पार्क प्लग नीट आवळलेला नसेल किंवा प्लगची वायर हेडवर, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणावर, ठिणगी टाकत असेल, तरी टिकटिक होते. वायरची गळती अंधारात बॉनेट उघडून पाहिली तर बहुधा डोळ्यांनाच दिसते. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्हही टिकटिकतो, आणि त्याच्यासाठी कित्येकांनी विनाकारण टॅपेट कव्हर उघडलं असेल.

इथे ताल उपयोगी पडतो. व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट हा पिस्टनमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला क्रँकचे ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ८०० फेरे, धरले तर एका व्हॉल्व्हचे ठोके मिनिटाला ४०० पडतात, म्हणजे सेकंदाला सातच्या आत. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला वाजणारी वस्तू सेकंदाला तेराच्या वर वाजेल. एवढं कानाने मोजता येत नाही, पण डिस्ट्रिब्यूटर (प्लगना आळीपाळीने वीज वाटणारा भाग) असलेल्या जुन्या इंजिनात पहिल्या प्लगच्या वायरला टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) लावली की ती दोन फेऱ्यांना एकदा चमकते. एका चमकेला एक टिक येत असेल तर संशय व्हॉल्व्हवर ठेवता येतो. दोन येत असतील तर सैल पुली किंवा ऑटोमॅटिक गाडीत तडा गेलेली फ्लेक्सप्लेट (क्रँकला गिअरबॉक्सशी जोडणारी पातळ चकती) बघा. अर्थात एका सिलिंडरचा इंजेक्टर आणि एक्झॉस्टची गळती हेही दोन फेऱ्यांना एकदाच वाजतात. तालाने काही संशयित सुटतात, गुन्हेगार सापडतोच असं नाही.

‘टॅपेट घट्ट करून घ्या.’ संदेशातलं सगळ्यात घातक वाक्य मला हे वाटतं. पहिली गोष्ट, हायड्रॉलिक लिफ्टर, म्हणजे ऑईलने भरणारे टॅपेट, असलेल्या बहुतेक इंजिनांत घट्ट करायला स्क्रूच नसतो. लिफ्टर ऑईलच्या दाबावर आपली फट आपणच भरून काढतो. गाडी रात्रभर उभी राहिली की त्यातलं ऑईल थोडं उतरतं आणि सकाळी काही सेकंद टिकटिक होते. ती तेवढ्यातच थांबत असेल तर हात लावायचं कारण नाही.

स्क्रू किंवा शिमवाल्या (फट ठरवणाऱ्या चकतीच्या) इंजिनात मात्र व्हॉल्व्ह आणि त्याला ढकलणाऱ्या भागात थोडी फट मुद्दाम ठेवलेली असते. तापल्यावर व्हॉल्व्ह लांबतो आणि त्याला जागा लागते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद असताना सीटला टेकतो आणि आपली बरीचशी उष्णता तिथेच सोडतो. फट संपली की तो पूर्ण टेकत नाही, गरम गॅस कडेने निसटतो, आणि व्हॉल्व्ह जळतो. जळायच्या आधी तो टिकटिकत नाही, उलट जास्तच शांत होतो. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या जुन्या इंजिनांत सीट झिजून व्हॉल्व्ह आत बसत जातो, तसतशी फट कमी होते. मालक खूश, ‘गॅसवर गाडी किती गुळगुळीत चालते’ म्हणून! तेव्हा हलकी टिकटिक करणाऱ्या टॅपेटपेक्षा अचानक गप्प झालेल्या टॅपेटची चौकशी आधी करावी.

सेटिंग करायचं तर ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्टीने), त्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणून, आणि मॅन्युअलमध्ये थंड इंजिनाचा आकडा दिलाय की गरम हे बघूनच. कानाने करायचं काम नाही हे. त्यातही एक खोच आहे. जुन्या रॉकरच्या (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या दांड्याच्या) टोकाला झिजून खळगा पडलेला असतो. गेजची सरळ पट्टी त्या खळग्यावरून आडवी जाते. पट्टीच्या हिशेबाने फट बरोबर, प्रत्यक्षात जास्त. म्हणून सेटिंग करूनही आवाज राहतो, आणि मग कुणीतरी ‘अजून अर्धा आटा’ आवळतो. तिथे रॉकर बदलणं किंवा त्याचा पृष्ठभाग दुरुस्त करणं हाच उपाय.

‘जाड ऑईल भरा.’ ऑईलच्या नावातला डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडपणी ते किती वाहतं हे सांगतो, नंतरचा १०० अंश सेल्सिअसला किती जाड राहतं हे. १०० अंशांना ३० ग्रेडची चिकटता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स असते, ५० ग्रेडची १६.३ ते २१.९. फरक मोठा आहे, त्यामुळे झिजलेल्या इंजिनाचा आवाज कधीकधी दबतो हे खरंच. झीज मात्र तशीच राहते. आणि ५डब्ल्यूच्या जागी २०डब्ल्यू भरलं तर थंड इंजिनात ऑईल हेडपर्यंत पोचायला वेळ लागतो, म्हणजे जेव्हा टिकटिक सर्वाधिक असते नेमकी तेव्हाच.

त्याआधी डिपस्टिक बघा. ऑईल कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त भरलं असेल तर क्रँक ते घुसळून फेस करू शकतो. हायड्रॉलिक लिफ्टरला दोन्ही सारखेच वाईट, कारण बुडबुडे दाबले जातात आणि लिफ्टर पोकळ पडतो.

‘तापल्यावर गेला म्हणजे विषय संपला.’ एक्झॉस्टची गळती नेमकी अशीच वागते! थंड असताना फट उघडी, धातू तापून फुगला की बंद. अशा गाडीत थंड इंजिन सुरू करून लगेच मॅनिफोल्डच्या जोडाजवळ कान द्या, तुटलेला स्टड (मॅनिफोल्ड आवळणारा बोल्ट) किंवा काजळीचा काळा पट्टा शोधा. हे सोडून देण्यासारखं नाही, कारण निसटणाऱ्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो आणि बॉनेटखालची हवा केबिनमध्ये शिरू शकते. पिस्टन सैल झाल्याचा बोदा ठोकाही तापल्यावर कमी होतो. तो बहुधा वर्षानुवर्षं निभावतो, ऑईल किती खाते तेवढं बघत राहावं.

‘दिवा लागत नाही.’ तो दिवा बहुतेक गाड्यांत प्रेशर अगदी तळाला गेल्यावरच लागतो. दिव्याच्या स्विचच्या जागी काट्याचा प्रेशर गेज बसवून, पूर्ण तापलेल्या इंजिनावर आयडलिंगला आणि रेस करून, दोन्ही आकडे मॅन्युअलशी ताडून बघा. तापल्यावर आवाज वाढत असेल, जड होत असेल आणि गेजही खाली येत असेल, तर एकेक इंजेक्टरचा कनेक्टर क्षणभर काढून बघा. एखाद्या सिलिंडरला ठोका स्पष्ट बदलला, तर संशय त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगवर जातो. मग इंजिन बंद करा आणि गाडी टो करूनच गॅरेजला न्या.