लाँग-रेंज रीडरची पॉवर कमी का करायची? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याची आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. दहा मीटरचा यूएचएफ रीडर (गाडीवरचा टॅग किंवा कार्ड रेडिओ लहरींनी दुरून वाचणारं यंत्र) घ्यायला सांगायचं आणि मग त्याचीच पॉवर उतरवायला लावायची, याला काय अर्थ? खिशातलं कार्ड वाचलं जात नसेल तर दोष रीडरचाच. केबल आणि पॉवर सप्लायचा मी उगाच बाऊ केलाय. तुमच्या इमारतीत उरलेल्या नेटवर्क केबलवर चाळीस मीटर लांब रीडर टाकलाय आणि तो "मधूनमधून रीस्टार्ट होतो एवढंच, बाकी मस्त चाललंय". आणि जाता जाता तुम्ही लिहिलंय की आपल्यातल्या कुणाची गाडी समोरच्या रस्त्यावरून नुसती गेली तरी बॅरियर उघडतो, पण ते सॉफ्टवेअरवाला बघेल.

तो काय बघणार? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीच या शेवटच्या ओळीत दिलंय.

खोक्यावर छापलेले दहा मीटर मोकळ्या जागेतले असतात, टॅग अँटेनाच्या बरोबर समोर धरून मोजलेले. प्रत्यक्षात लहर सरळ रेषेत जात नाही, पसरते. साधारण ७० अंशांचा झोत असलेली अँटेना धरली तर चार मीटरवर तिचा झोत साडेपाच मीटर रुंद होतो आणि दहा मीटरवर चौदा मीटर. एका गाडीच्या लेनला चौदा मीटर कशाला हवेत? त्यात शेजारची लेन येते, रस्ता येतो, पार्किंगमध्ये उभी असलेली गाडीही येते. शिवाय जमीन आणि भिंतींवरून लहरी उलटतात, त्यामुळे पाच मीटरवर न वाचलेला टॅग आठ मीटरवर टिपला जातो, असले चमत्कारही दिसतात.

पॉवर उतरवल्यावर पल्ला किती घटतो याचा हिशेब सोपा आहे. ३ डेसिबल कमी केले की ताकद निम्मी होते, पण पल्ला सुमारे सत्तर टक्के राहतो. ६ डेसिबल कमी केले की ताकद चौथाई आणि पल्ला निम्मा. म्हणजे ३० डीबीएमवर (रीडरची ताकद डेसिबलमध्ये मोजायचं एकक) दहा मीटर मिळत असतील तर २४ वर पाच मिळतील, आणि बॅरियरला तेवढे पुरतात. मग दहाचा का घ्यायचा? कारण प्रत्येक टॅग आदर्श जागी नसतो. कुणाची काच जास्त तिरपी, कुणी टॅग कोपऱ्यात चिकटवलेला, कुणाची गाडी उंच. ती तूट भरून काढायला हाताशी थोडी ताकद शिल्लक लागते. रस्त्यावरची रहदारी मोजायला नव्हे.

मात्र पॉवरला हात सगळ्यात शेवटी लावायचा. आधी अँटेनाची उंची आणि कोन. ती खाली झुकवून तिचा रोख गाडी थांबते त्या जागेवर आणा, म्हणजे झोताचा बराच भाग जमिनीवर पडून संपतो. मग टॅग लावलेली गाडी अगदी सावकाश पुढे आणा आणि पहिलं वाचन झालं तिथे जमिनीवर खडूची रेघ मारा. हेच उलट्या दिशेने, शेजारच्या लेनमधून आणि रस्त्यावरून करा. नको तिथे रेघ उमटली तर एकेक डेसिबल खाली या. दर वेळी सगळ्यात अडचणीची गाडी परत आणून पाहा, नाहीतर शेजारची लेन बंद होईल आणि उंच गाडीवाला हॉर्न वाजवत बसेल.

"तोच टॅग अमुक सेकंद पुन्हा मोजू नको" ही सेटिंग इथे कामाची नाही. बॅरियर पहिल्याच वाचनाला उघडतो. आणि अँटी-पासबॅक (आत गेलेल्याला बाहेर पडल्याशिवाय पुन्हा आत न घेणारी सेटिंग) चालू असेल तर आणखी गंमत: रस्त्यावरून गेलेला माणूस सिस्टिमच्या लेखी आत आलेला असतो, आणि संध्याकाळी खरोखर घरी आला की त्यालाच "तुम्ही आत आहात" म्हणून अडवलं जातं.

खिशातल्या कार्डाचं कारण वेगळं आहे. यूएचएफची लहर शरीरातलं पाणी शोषून घेतं, आणि अंगाला चिकटलेल्या कार्डाचा अँटेना ट्यूनिंगमधून सरकतो. तेच कार्ड हातात अंगापासून दूर धरा, वाचलं जाईल. पॉवर वाढवून यात फार फरक पडत नाही. लेप असलेल्या काचेचंही तसंच. लेपात धातू असेल तर आरशामागच्या बिनलेपाच्या पट्ट्यात टॅग लावायचा किंवा हेडलाइटवर लावायचा वेगळा टॅग घ्यायचा. साधा स्टिकर टॅग पत्र्यावर चिकटवला तर तो मेलाच समजा. चालत येणाऱ्यांसाठी हात न लावता दार उघडायचं असेल तर बॅटरीवर चालणारे टॅग किंवा ब्लूटूथ बघा.

आता केबल. इथे मात्र तुमचं "बाकी मस्त" मला पटत नाही. नेटवर्क केबलमधली तार साधारण २४ गेजची असते, मीटरला सुमारे ०.०८४ ओहम. चाळीस मीटर जाऊन परत म्हणजे ऐंशी मीटर, साधारण ६.७ ओहम. पूर्ण पॉवरवर रीडरने एक अँपिअर ओढला की तारेतच ६.७ व्होल्ट जातात आणि बारा व्होल्टपैकी पाचच्या आसपास उरतात. दोन जोड्या एकत्र केल्या असतील तरी तीनेक व्होल्ट गेलेच. म्हणून तो नुसता बसलेला असताना ठीक असतो आणि जोरात प्रक्षेपण करायला गेला की रीस्टार्ट होतो. सप्लाय रीडरजवळ लावा, आणि त्याचा ग्राउंड कंट्रोलरच्या (कार्ड तपासून बॅरियर उघडणाऱ्या डब्याच्या) ग्राउंडला जोडायला विसरू नका, नाहीतर वीगँडचा, म्हणजे रीडरकडून कंट्रोलरकडे कार्ड नंबर नेणाऱ्या तारांचा, डेटाच पोचणार नाही.

त्याच केबलमध्ये डेटा-शून्य आणि डेटा-एक या दोन तारा एकाच पिळाच्या जोडीत घातल्या आहेत का, तेही बघा. बहुतेक जण रंग जुळतात म्हणून तसंच करतात. मग एका तारेवरचा पल्स दुसरीवर उमटतो, पॅरिटी (डेटा बरोबर आला का ते तपासणारे बिट) चुकते आणि अधूनमधून "अनोळखी कार्ड" येतं. दोन्ही तारांना वेगळ्या जोड्या द्या, प्रत्येकीची जोडीदार ग्राउंड.

लिनिअर सप्लायचा आग्रह मी फक्त १२५ किलोहर्ट्झच्या मोठ्या पॅनेल रीडरसाठी धरला होता. स्विचिंग सप्लायचा गोंगाट त्या वारंवारितेच्या आसपास पडतो आणि पल्ला खातो. यूएचएफला चांगला स्विचिंग सप्लाय चालतो, तिथे आपलं भांडण नाही.

ओएसडीपी (रीडर आणि कंट्रोलरमधली वीगँडऐवजी वापरायची नवी पद्धत) ही फॅशन आहे, असंही तुम्ही म्हणता. इमारतीच्या आत, बंद डक्टमधल्या छोट्या केबलवर वीगँड राहू द्या, माझी हरकत नाही. पण बाहेरच्या खांबावरच्या डब्यात त्या तारांवरून कार्ड नंबर उघडा जातो, आणि डबा उघडणारा कुणीही तो टिपून पुन्हा पाठवू शकतो. ओएसडीपीचं सिक्युअर चॅनेल (डेटा गुप्त करून पाठवणं) चालू करून कारखान्यातून आलेली गुप्त किल्ली बदलली तर हे थांबतं. ते चालू करायचंच राहून जातं, ही मात्र रोजची गोष्ट.

आणखी एक: २६ बिटांच्या वीगँडमध्ये कार्डाचे २४ बिटच जातात आणि टॅगवर निदान ९६ असतात. वेगवेगळ्या लॉटमधले टॅग घेतले असतील तर दोन गाड्यांचा एकच नंबर होतोय का, ते यादीत तपासा.

सॉफ्टवेअरवाल्याला बोलवायचंच असेल तर एवढंच विचारा: रीडरला ट्रिगर इनपुट आहे का? असेल तर जमिनीतल्या लूपच्या (गाडी वर आली की ओळखणाऱ्या तारेच्या वेटोळ्याच्या) डिटेक्टरचा रिले तिथे जोडून घ्या. गाडी लूपवर आल्याशिवाय रीडर वाचनच सुरू करणार नाही. बऱ्याच रीडरमध्ये ट्रिगरच्या तारा टेप गुंडाळून डब्यात तशाच पडलेल्या असतात.